नऊशे ब्याऐंशी

लबकमध्ये वीज आजवर एकाच दारातून यायची.
निवडायचं काही नव्हतं, त्यामुळे
शिव्या कुणाला घालायच्या तेही ठरलेलं.
मग जानेवारीत पत्र आलं:
आपली कंपनी आपणच निवडा.

वडिलांनी, आन्सेल्मो व्हियारेयाल, जिनिंग मिलचे फोरमन,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर सदतीस योजना मांडल्या.
एकीत रात्र फुकट, दिवस दुप्पट.
एकीत रविवार माफ.
एकीत पहिले तीन महिने गूळ, पुढे कारलं.
कापसाचा तंतू तपासायचं भिंग त्यांनी घरी आणलं.
"अक्षर जितकं बारीक,
तितकं खरं बोलतं," म्हणाले.

शेवटी सापडली. आठ सेंट युनिट.
अख्ख्या टेबलावर इतकं स्वस्त काही नव्हतं.
भिंगाखाली मात्र असं निघालं:
दर अठराच. पण महिन्याला हजार युनिट भरले
तर शंभर डॉलर परत.
नऊशे नव्व्याण्णव भरले, तर
काही नाही.

"हजार तर सहज जातात," म्हणाले आणि सही केली.

हाच तो माणूस,
फ्रिजचं दार उघडं दिसलं की
"अख्ख्या टेक्ससला थंड करतेस का?" विचारणारा,
खोलीतून उठायच्या आधीच
ज्याचा हात बटणाकडे जातो,
ज्याच्यापायी आई अजून काळोखात कांदा चिरते
आणि म्हणते, रडायला उजेड कशाला लागतो?

ऑक्टोबर आला. ना उकाडा, ना गारठा.
महिन्याची शेवटची संध्याकाळ.
वडिलांनी मीटर वाचलं, पेन्सिलने मागचा आकडा वजा केला,
पुन्हा केला.
नऊशे ब्याऐंशी.

"अठरा," दारात उभं राहून म्हणाले,
जणू अठरा माणसं न सांगता जेवायला आलीत.
मग घसा खाकरून:
"लावा सगळं."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
"लावा म्हणतोय ना!"

ड्रायरमध्ये एक कोरडा टॉवेल फिरू लागला.
एसी हॉलमध्ये, हीटर न्हाणीघरात,
मधल्या बोळात दोघांचं भांडण.
रोहेलिओने माळ्यावरून नाताळच्या माळा काढल्या,
मग पोर्चवर व्हॅक्यूम क्लीनर फिरवत बसला,
बाहेर वारा शेताशेतांतली धूळ घेऊन येतच होता.
रिकामा ओव्हन तापलेला आईला बघवेना.
तिने पीठ भिजवलं.
वडील दर दहा मिनिटांनी टॉर्च घेऊन मीटरपाशी,
टॉर्च मात्र लगेच विझवत.

नऊ वाजता कुंपणापाशी वर्डीनबाई, अंगावर गाऊन.
"लग्न आहे, की कुणी गेलं?"
वडिलांनी समजावलं. तक्ता, तळटीप, शंभर डॉलर.
ती बराच वेळ आमच्या घराकडे बघत राहिली,
खिडक्या मोजत असावी.
"माझं रोजचं रोज भरायचं असतं," म्हणाली.
"सकाळी फोनवर मेसेज येतो, किती उरले.
आज तीन डॉलर दहा."
तिच्या घरात एकच दिवा होता, तोही आतल्या खोलीत.

वडील काही बोलले नाहीत.
आत गेले. ड्रायरमधला टॉवेल काढला, घडी घातली,
आणि बाहेर येऊन तिला म्हणाले,
"धुण्याचे कपडे असतील तुमच्याकडे."

तीन आठवड्यांचे होते.
चादरी, एप्रन,
नवऱ्याचा एक शर्ट, अजून धुतला जाणारा.
रात्री साडेअकरापर्यंत मशीन थांबलं नाही.
आईचे गोड पाव कपड्यांच्या टोपलीतच
वरच्या बाजूला बसून कुंपणापलीकडे गेले.

एक हजार तीन.
वडिलांनी एकेक बटण बंद केलं,
आणि शेवटच्यापाशी
थोडे रेंगाळले.

डिसेंबरात घराला खरी थंडी लागली.
हीटर दिवसरात्र, एकोणिसाव्या तारखेलाच
हजार ओलांडून गेले.
मी कागदावर पाहिलं, पेन्सिलने लिहिलेलं, दोनदा अधोरेखित.

त्याच महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी
वडील कोट चढवून कुंपणापाशी गेले
आणि हाक मारली:
"वर्डीन! अठरा कमी पडतायत."